शहरातल्या नदीत कासवांची नोंद कशी ठेवायची? नांदेडच्या गोदाकाठासाठी, वर्षानुवर्षं चालेल अशी पद्धत

कोकणातल्या वेळासच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे निघालेल्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या पिल्लांचे व्हिडिओ मराठवाड्यातही भरपूर फिरतात. परिणाम असा, की गोदावरीच्या किंवा दुधनेच्या काठी कासवाची अंडी दिसली की उत्साही मंडळी ती उकरतात, बादलीत भरतात आणि अंगणात वाळूचा ढीग करून त्यात पुरतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे विहिरीतून काढलेलं कासव गाडीत घालून थेट नाथसागरात सोडून येणं. तिसरी चूक दिसायला निरुपद्रवी असते. एका रविवारी पंचवीस जण नदीवर जातात, ‘कासव गणना’ करतात, पेपरात फोटो येतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या घाटावर, दुसऱ्या वेळी, दुसरीच माणसं तेच करतात. दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी ठेवून त्यातून काहीही म्हणता येत नाही.

हा लेख चार-पाच जणांच्या गटासाठी आहे. उदाहरणं नांदेडची, म्हणजे विष्णुपुरीच्या बंधाऱ्यापासून घाटांवरून आसनेच्या संगमाकडे जाणाऱ्या पट्ट्याची आहेत. पण पैठण, गंगाखेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सलीम अली सरोवरावरही हीच रीत चालेल. कासवाला हात न लावता या कामाचा बहुतेक भाग होतो, हे आधीच सांगून ठेवतो. ज्यांना कासव हातात धरायचंच आहे त्यांनी नववा टप्पा आधी वाचला तरी चालेल. उत्साह तिथे थोडा निवळेल.

टप्पा १: आधी कासव ओळखा

काठावर जाण्यापूर्वी गटातल्या प्रत्येकाला पुढची पाच कासवं फोटोवरून न चुकता ओळखता आली पाहिजेत.

पहिलं फ्लॅपशेल, शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. आपल्या तळ्यांत, विहिरींत, कालव्यांत बहुतेक वेळा हेच असतं. पाठ गुळगुळीत आणि कातडी असते. रंगावर जाऊ नका. उलटं दिसलं तर पोटाच्या मागच्या बाजूला दोन झडपा असतात आणि पाय आत ओढल्यावर त्या मिटतात; ही खूण पक्की.

दुसरं लीथचं मऊ पाठीचं कासव, निल्सोनिया लीथी. हे फक्त भारतीय द्वीपकल्पातल्या नद्यांत आढळतं आणि जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. फ्लॅपशेलपेक्षा बरंच मोठं होतं, पोटाला झडपा नसतात आणि नाकाची सोंड पुढे आलेली असते. लहान वयात पाठीवर डोळ्यांसारखे चार गोल दिसतात. याची एक खात्रीची नोंदसुद्धा मोलाची आहे; म्हणूनच खात्री नसेल तर ‘लीथ’ लिहू नका, ‘मऊ पाठीचं, अनोळखी’ एवढंच लिहा.

तिसरं काळं कासव, मेलानोकेलिस ट्रायजुगा. पाठ टणक आणि तिच्यावर तीन उभे कंगोरे. चौथं पांगशुरा टेन्टोरिया. त्याची पाठ घराच्या छपरासारखी मधोमध उंचावलेली असते आणि ते ओंडक्यावर उन्हाला बसतं.

पाचवं आपलं नाही. लाल कानाचं स्लायडर हे मूळ अमेरिकेचं आहे; डोळ्यामागे लाल पट्टा असतो. मत्स्यपात्रासाठी नाण्याएवढं विकत घेतात आणि ताटलीएवढं झालं की तळ्यात सोडून देतात. हे दिसलं तर नोंद वेगळ्या रकान्यात करा, एकूण बेरजेत मिळवू नका.

सावधान: चांदणी कासव, म्हणजे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, जमिनीवरचं आहे. त्याचे पाय हत्तीच्या पायासारखे जाड असतात, बोटांमध्ये पडदा नसतो. पुण्य मिळेल म्हणून ते नदीत सोडलं तर ते बुडून मरतं.

तपासा: वीस फोटो मिसळून प्रत्येकाची परीक्षा घ्या. अठराच्या खाली गुण असतील त्याला पहिल्या हंगामात फक्त लेखनिकाचं काम द्या.

टप्पा २: प्रश्न एकच ठरवा

‘गोदावरीतल्या कासवांचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘विष्णुपुरी ते आसना संगम या पट्ट्यात उन्हाला बसणाऱ्या कासवांची तासागणिक संख्या दहा वर्षांत वाढते, घटते की तशीच राहते?’ हा प्रश्न झाला. त्यात जागा, मोजमाप आणि मुदत तिन्ही आली.

दहा वर्षं जास्त वाटतात, पण कासव सावकाश वयात येतं आणि दीर्घकाळ जगतं. अंडी आणि पिल्लं मोठ्या संख्येनं मरतात, त्याची भरपाई मादी वर्षानुवर्षं अंडी घालून करते. त्यामुळे मोठ्या माद्या थोड्या जरी कमी झाल्या तरी घट पुढे अनेक वर्षं चालते आणि सुरुवातीला ती दिसतही नाही. तीन वर्षांच्या आकड्यांत पावसाचाच चढउतार जास्त दिसेल. दुष्काळी वर्षात पाणी डोहांपुरतं उरतं, कासवं तिथे गोळा होतात आणि संख्या ‘वाढलेली’ दिसते. असल्या वाढीवर बातमी देऊ नका.

टप्पा ३: कागदपत्रं

हा कंटाळवाणा टप्पा सगळेच टाळतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दात पकडणं, सापळा लावणं आणि आमिष टाकणं हे सगळं येतं. फ्लॅपशेल आणि लीथचं कासव दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. ‘आम्ही अभ्यासासाठी पकडलं’ हा बचाव परवाना हातात असेल तरच चालतो. परवाना कलम १२ खाली राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी देतात. त्यांचं कार्यालय नागपुरात आहे. अर्ज उपवनसंरक्षकांमार्फत पाठवा आणि केंद्राची संमती लागेल का, हे अर्जाच्या वेळीच विचारून घ्या.

काठावर उभं राहून दुर्बिणीतून मोजायला हा परवाना लागत नाही. तरीही वन विभागाला, महापालिकेला आणि स्थानिक पोलिस ठाण्याला एका पानाचं पत्र द्या, पोच घ्या आणि ती मोबाईलमध्ये ठेवा. दुर्बीण घेऊन घाटावर तासभर उभ्या असलेल्या माणसाकडे लोक संशयानं बघतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. जायकवाडीच्या पाण्यावर जाणार असाल तर ते अभयारण्य आहे. तिथे अभ्यासासाठी शिरायला वेगळी परवानगी घ्यावी लागते. ड्रोनच्या भानगडीत पडू नका. नांदेडला विमानतळ आहे, नियम कडक आहेत आणि ड्रोनच्या आवाजानं कासव पाण्यात उडी मारतं ते वेगळंच.

टप्पा ४: पट्टा आखा आणि तो बदलू नका

१. नकाशावर नदीचे ५००-५०० मीटरचे तुकडे पाडा. सुरुवातीला आठ तुकडे पुरेत.

२. तुकडे निवडताना कासवं हमखास दिसतात तेवढेच घेऊ नका. दोन घाटांचे घ्या (गोवर्धन घाट, नगीना घाट वगैरे), दोन नाला किंवा सांडपाणी मिळतं तिथले, दोन शेतांकडेचे, दोन जलपर्णीनं भरलेले. फक्त चांगल्या जागा निवडल्या तर पुढे घटच दिसते, कारण उत्तम जागेचं बिघडायलाच जास्त उरलेलं असतं.

३. प्रत्येक तुकड्यात दोन थांबे ठरवा. थांब्याची खूण पक्की असावी: घाटाची पायरी, पुलाचा खांब, मंदिराचा ओटा. झाडावर भिस्त ठेवू नका. अक्षांश-रेखांश दशांशात, पाच अंकांपर्यंत लिहा.

४. प्रत्येक थांब्यावरून पाण्याचा जो भाग दिसतो त्याचा फोटो काढून त्यावर सीमा आखा. या सीमेबाहेरचं कासव मोजायचं नाही, कितीही मोठं असलं तरी.

चौथी गोष्ट सांगितली की लोक हसतात. वर्षभरानं त्यावरूनच भांडतात. पाणी उतरलं की नवे खडक उघडे पडतात आणि ‘तिकडे पण दिसतायत की’ म्हणून मोजणीची हद्द हळूहळू सरकत जाते.

तपासा: पट्टा ज्यांनी आखलेला नाही अशा दोघांना कागद देऊन पाठवा. त्यांना सगळे सोळा थांबे न विचारता सापडले पाहिजेत.

टप्पा ५: माणसं

महाविद्यालयाचा विद्यार्थी तीन वर्षांत निघून जातो. काठावरचा भोई तिथेच असतो. म्हणून गटात किमान एक मासेमारी करणारा माणूस सुरुवातीपासून असू द्या. दिसलं तर सांगा, इतक्यापुरतं त्याचं स्थान ठेवू नका. थांबे कुठे असावेत हे ठरवतानाच त्याला बसवा. पाणी कधी चढतं, डोह कुठे आहे, कासव कोणत्या जाळ्यात अडकतं, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

मोबदला दिवसाप्रमाणे द्या. कासवामागे पैसे कधीही देऊ नका. तसे दिले की कासवं पकडून आणली जातात आणि तुमचाच प्रकल्प धंदा उभा करतो.

मोजणीला प्रत्येक थांब्यावर दोघं लागतात: एक बघणारा, एक लिहिणारा. जुना माणूस जाणार असेल तर नव्यानं त्याच्याबरोबर पूर्ण एक हंगाम काढलाच पाहिजे, आणि त्या हंगामात दोघांनी एकाच वेळी, एकमेकांना न सांगता, वेगवेगळ्या कागदांवर मोजायचं. नव्या माणसाला जुन्याच्या तुलनेत किती कमी दिसतात हे त्यातून कळतं. ही नोंद नसेल तर पुढच्या वर्षीची ‘घट’ कासवांची आहे की डोळ्यांची, हे सांगता येत नाही.

टप्पा ६: मोजणीचा दिवस

वर्षात दोन हंगाम धरा: नोव्हेंबर-डिसेंबर आणि फेब्रुवारी-मार्च. प्रत्येक हंगामात पंधरा दिवसांच्या आत तीन फेऱ्या करा. एकाच फेरीत कासव न दिसणं म्हणजे ते तिथे नाही असं होत नाही. तीन फेऱ्यांतून मात्र अंदाज बांधता येतो. तिसरं काम जूनचं आहे, ते वेगळं, त्याविषयी पुढे.

थंडीत १० ते १ ही वेळ ठेवा. ऊन वर आल्याशिवाय कासवं बाहेर येत नाहीत. मार्चमध्ये हीच वेळ ठेवली तर रिकामे खडक मोजाल. तेव्हा ७:३० ते १० बरं. एकदा ठरवलेली वेळ हंगामागणिक तीच राहिली पाहिजे.

क्रम असा:

१. आदल्या संध्याकाळी जलसंपदा विभागाकडून विष्णुपुरीच्या विसर्गाची चौकशी करा. दारं उघडणार असतील तर फेरी पुढे ढकला.

२. थांब्यापासून वीस-पंचवीस पावलं आधी बोलणं बंद करा. खांद्याएवढ्या सावलीनंही कासव पाण्यात सरकतं, म्हणून सूर्य पाठीशी असेल तर वाकून जा.

३. पोचल्याबरोबर उघड्या डोळ्यांनी एकदा बघा आणि पाण्यात उडी मारलेली कासवं आधी लिहा. ही राहिली की आकडा कमी येतो, आणि हीच सगळ्यात जास्त वेळा राहतात.

४. मग ८×४२ च्या दुर्बिणीनं डावीकडून उजवीकडे दहा मिनिटं. मऊ पाठीची कासवं फार कमी वेळा बाहेर बसतात. त्यांचं नाक पाण्यावर पेन्सिलीच्या टोकाएवढं दिसतं आणि काही क्षणांत बुडतं. त्यामुळे पहिली पाच मिनिटं काठ आणि खडक, पुढची पाच पाण्याचा पृष्ठभाग.

५. निघण्याआधी पाण्याची पातळी (पायरी किंवा खांबावरच्या खुणेनुसार), पाण्याचं तापमान, ढग, वारा, जलपर्णीनं झाकलेला भाग, कपडे धुणारे, जनावरं, कुत्री, मासेमारी हे सगळं लिहा. पैठणला नाथषष्ठीचा आठवडा आला किंवा घाटावर विसर्जन असलं तर तेही.

शेवटी कागदावर सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ हवीच. समजा पहिल्या वर्षी सहा तासांत १२ कासवं दिसली आणि दुसऱ्या वर्षी बारा तासांत १८. पेपरात छापून येईल ‘कासवं दीडपट झाली’. खरं बघता पहिल्या वर्षी तासाला २ होती, दुसऱ्या वर्षी दीड. वेळ लिहिलेली नसेल तर ही घट कायमची हरवते.

सावधान: एकही कासव दिसलं नाही तर ‘०’ लिहा. रिकामा रकाना म्हणजे शून्य, की तिथे गेलोच नाही, हे पाच वर्षांनी कोणीच सांगू शकत नाही.

काठावर दगड-काचा, सांडपाणी आणि कडेच्या गवतात साप, तिन्ही असतात. बूट घाला. हाताला जखम असेल तर पाण्यात हात घालू नका. दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो.

टप्पा ७: जाळ्यात आलेलं, गळ गिळलेलं, रस्त्यावर सापडलेलं

मोजणीपेक्षा इथून कधीकधी जास्त कळतं. मच्छीमार सहकारी संस्थेला एक वही द्या: तारीख, जागा, जाळ्याचा प्रकार, कासव जिवंत की मेलेलं, फोटो. वहीत नोंद केली म्हणून कोणावर कारवाई होणार नाही, याबद्दल वन विभागाशी आधीच बोलून घ्या; नाहीतर मेलेली कासवं वहीत कधीच येणार नाहीत.

जिवंत कासव धरायची वेळ आली तर कवचाच्या मागच्या कडेनं, दोन्ही हातांनी धरा. शेपटीनं उचलू नका. मऊ पाठीच्या कासवाची मान वाटते त्याहून खूप लांब पोचते आणि चावा खोल बसतो. नंतर साबणानं हात धुवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो.

गळ गिळलेला असेल तर दोरी ओढू नका. वीतभर दोरी बाहेर राहू देऊन कापा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. कासव तिथे न्यायचं तर वन विभागामार्फतच.

पहिला मोठा पाऊस पडला की उन्हाळाभर चिखलात गाडून घेतलेली फ्लॅपशेल बाहेर येतात आणि तळ्यांजवळच्या रस्त्यांवर गाडीखाली सापडतात. जूनचं काम हे. एक ठरावीक दहा किलोमीटरचा रस्ता निवडा आणि पहिल्या पावसानंतर सात सकाळी तोच रस्ता त्याच वेगानं फिरा. जिवंत सापडलेलं कासव ते ज्या दिशेनं चाललं होतं त्याच बाजूला उचलून ठेवा. मागे नेऊन ठेवलं तर ते पुन्हा रस्ता ओलांडायला येतं.

विहिरीतल्या कासवाबद्दल: पाणी स्वच्छ राहतं म्हणून विहिरीत कासव सोडण्याची रीत गावोगावी आहे. विहीर उपसताना ते निघालं तर वन विभागाला कळवून जवळच्याच पाण्यात सोडायचं. धाराशिवकडच्या सीनेकाठचं कासव नांदेडला आणू नका. सीना भीमेला मिळते, म्हणजे ते खोरं कृष्णेचं, गोदावरीचं नव्हे. कासवाबरोबर रोगही प्रवास करतो, आणि आपल्या नोंदीतही खोटी भर पडते.

टप्पा ८: घरटं सापडलं तर

पहिला नियम: उकरू नका. कासवाच्या अंड्यात गर्भ लवकरच वरच्या बाजूच्या पापुद्र्याला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं तर गर्भ मरतो. कोंबडी आपली अंडी चोचीनं फिरवते, त्यामुळे अंडं फिरवलेलं चालतं असं आपल्याला वाटतं. कासवाचं तसं नाही.

दुसरा गैरसमज मुदतीचा. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं साधारण दीड-दोन महिन्यांत बाहेर येतात. फ्लॅपशेलच्या अंड्यांची वाढ मध्येच थांबू शकते आणि ती महिनोन्‌महिने मातीत राहतात. ‘दोन महिने झाले, काही निघालं नाही’ म्हणून उकरून बघणाऱ्यांनी जिवंत घरटी मारलेली आहेत.

खरा धोका कुत्री, मुंगूस, डुकरं आणि घोरपड यांचा. न्यूयॉर्कच्या जमैका बे खाडीत हेच काम रॅकून करतात आणि तिथले अभ्यासक घरट्यांवर जाळी बसवतात. ती पद्धत इथे चालते, पण वन विभागाच्या संमतीनं आणि पुढील काळजी घेऊन:

- लोखंडी जाळी, भोकं पिल्लू सहज निघेल एवढी. कुंपणाची बारीक जाळी नको.
- कडा वीतभर मातीत गाडलेल्या आणि खिळ्यांनी दाबलेल्या.
- वर ताडपत्री, शेडनेट, पालापाचोळा काहीही नको. ऊन अडलं की मातीचं तापमान बदलतं.
- जाळीवर गटाचं नाव किंवा ‘कासवाची अंडी’ अशी पाटी नको. अंडी शोधणाऱ्याला तुम्हीच पत्ता देता.

नांगरानं किंवा जेसीबीनं घरटं आधीच उघडं पडलं असेल तर अंडी जशी आहेत तशीच ठेवा, वरच्या बाजूला पेन्सिलीनं हलकी खूण करा, ओल्या मातीनं झाका, धुऊ नका, आणि लगेच वन विभागाला बोलवा.

घरट्याची अचूक जागा व्हॉट्सॲपवर टाकायची नाही. फोटोतून मोबाईल आपोआप जागा नोंदवतो. तो टाकण्याआधी लोकेशन बंद करा.

टप्पा ९: पकडून खूण करणं (बहुतेक गटांनी हा टप्पा वगळावा)

पहिली दोन वर्षं तर नकोच. त्यानंतरही परवाना, पशुवैद्यक आणि अनुभवी संशोधक, तिन्ही असतील तरच.

पिंजरा-जाळ्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहिलाच पाहिजे, कारण कासव फुप्फुसानं श्वास घेतं आणि बुडालेल्या जाळ्यात मरतं. आत दोन बंद रिकाम्या बाटल्या तरंगण्यासाठी बांधा आणि दर दोन-तीन तासांनी बघा. गोदावरीत यापुढचा धोका धरणाचा आहे: रात्री वरून पाणी सोडलं की काठाला बांधलेलं जाळं सकाळी पाण्याखाली असतं. म्हणून जाळं रात्रभर सोडायचं नाही. ‘पहाटे येऊन बघू’ ही सवड नदी देत नाही.

टणक पाठीच्या कासवांना कवचाच्या कडेच्या खवल्यांवर ठरावीक जागी खाच पाडून क्रमांक देतात. मऊ पाठीच्या कासवाला ही पद्धत लावायची नाही. त्याच्यासाठी कातडीखाली सोडायची मायक्रोचिप असते, ती पशुवैद्यकानंच घालायची. चिप आणि वाचक यंत्र दोन्ही १३४.२ किलोहर्ट्‌झचे आहेत ना, हे खरेदीआधी बघा. रंग, नेलपेंट, पाठीवर भोक पाडून दोरी, हे काहीही नको.

लांबी व्हर्नियर कॅलिपरनं सरळ मोजायची, टेपनं पाठीच्या वळणावरून मोजली तर तसं लिहायचं. मऊ पाठीची मागची कड दुमडते, त्यामुळे एकाच कासवाची दोन जणांनी मोजलेली लांबी वेगळी येते. तीनदा मोजून मधला आकडा घ्या.

खुणा वाचण्यातली चूक किती महागात पडते ते बघा. समजा पहिल्या फेरीत २४ कासवांना खूण केली. दुसऱ्या फेरीत २० सापडली, त्यातली ४ खुणेची. चॅपमनच्या सूत्रानं (२४+१) × (२०+१) भागिले (४+१), वजा १, म्हणजे एकूण कासवांचा अंदाज १०४. आता एका कासवाची खूण चिखलामुळे दिसलीच नाही आणि ४ ऐवजी ३ लिहिली, तर अंदाज १३० होतो. एका न धुतलेल्या पाठीनं २६ कासवं कागदावर जन्माला आली. शिवाय हे सूत्र दोन फेऱ्यांमध्ये कासवं आली-गेली नाहीत असं धरून चालतं. मध्ये पूर आला असेल तर ते लावूच नका.

तपासा: एका जागेवरून दुसऱ्या तळ्यावर जाण्याआधी जाळी आणि बूट ब्लीचिंगच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवले का?

टप्पा १०: नोंदी सांभाळणं

काठावर पेन्सिलीनं कागदावर लिहा. मोबाईल भिजतो, उन्हात पडदा दिसत नाही. त्याच संध्याकाळी कागदाचा फोटो काढा, आठवड्याच्या आत तक्त्यात भरा आणि भरणाऱ्याखेरीज दुसऱ्यानं तो ताडून बघा. तीन प्रती, तीन ठिकाणी. त्यातली एक संस्थेकडे, उदाहरणार्थ विद्यापीठाच्या विभागाकडे किंवा वन विभागाकडे. कोणा एकाच्या लॅपटॉपवर दहा वर्षांची नोंद ठेवणं म्हणजे ती नोंद नसल्यातच जमा.

कच्चा तक्ता कधी दुरुस्त करायचा नाही. चूक सापडली तर शेजारच्या रकान्यात तारीख घालून दुरुस्ती लिहा. आणि पद्धतीची चार-पाच पानांची वही वेगळी ठेवा: थांबे, वेळा, सीमांचे फोटो, कोणता बदल कधी आणि का केला. नवा माणूस गटात आला की त्याच्या हातात ही वही द्यायची.

फुटकळ नोंदी कुर्मा ॲपवर किंवा आयनॅचरलिस्टवर जरूर टाका, पण त्या तुमच्या तक्त्यात मिसळू नका. तिथे कोणी किती वेळ बघितलं हे कळत नाही.

टप्पा ११: आकडे वापरायची वेळ: गाळ काढण्यापूर्वी

कासवांच्या नोंदींचा मराठवाड्यात सगळ्यात थेट उपयोग उन्हाळ्यात होतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’मध्ये एप्रिल-मेमध्ये तलाव कोरडे पडल्यावर जेसीबी उतरतो, आणि नेमकी तेव्हाच फ्लॅपशेल त्या गाळात गाडून घेऊन पडलेली असतात. गाळ काढू नका म्हणणं शहाणपणाचं नाही. शेताला गाळ हवा आहे आणि तळ्याला खोली. मागणी नेमकी ठेवा.

फेब्रुवारी संपण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालय, मृद व जलसंधारण विभाग आणि उपवनसंरक्षक यांना एकच पत्र द्या. सोबत दोन पानं: गेल्या वर्षांत कोणत्या तलावाजवळ, कोणत्या महिन्यात, किती कासवं नोंदली गेली, आणि तलावाचा नकाशा, त्यावर कासवं गाडून घेतात तो ओलसर कडेचा भाग आखलेला. मागण्या तीनच: खोदाई मधल्या कोरड्या भागातून सुरू करावी, ओलसर कडेचा एक पट्टा त्या वर्षी सोडावा, आणि जेसीबीच्या बादलीत कासव आलं तर चालकानं यंत्र थांबवून १९२६ वर कळवावं. शेवटची मागणी फक्त कागदावर ठेवू नका. काम सुरू होईल त्या सकाळी तिथे जाऊन चालकाला आणि ट्रॅक्टरवाल्यांना कासवाचा फोटो दाखवा, गटातल्या एकाचा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये भरून द्या आणि दर दोन दिवसांनी तिथे चक्कर मारा. गाळ ज्या शेतात पडतो तिथेही बघा. कासवं ढिगाबरोबर तिकडे जातात. जिवंत, मेलेली आणि एकही नाही, तिन्ही प्रकारच्या चकरा त्याच वहीत लिहा.